मढवीशेठची जीभ रजेवर

दुपारी एक वाजता मढवीशेठ तीन पुडाचा स्टीलचा डबा माझ्यासमोर ठेवायचे, झाकण काढायचे, डोळे मिटून एकदाच खोल श्वास घ्यायचे आणि डबा माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "घे. खा. आनि नीट सांग."

मग ते स्वतःची पिशवी उघडायचे. तिच्यात दोन उकडलेली अंडी, एक काकडी आणि वाटीभर मोड आलेले मूग असायचे. अंड्यातला पिवळा बलक ते बाजूला काढून गोदामातल्या मांजरीला घालायचे. काकडी चावताना त्यांचं लक्ष काकडीकडे नसायचं, माझ्या तोंडाकडे असायचं. मी पहिला घास गिळला की चौकशी सुरू व्हायची.

"मीठ?"

"बरोबर आहे."

बरोबर म्हणजे कसं, ते त्यांना हवं असायचं. जिभेवर ठेवल्या ठेवल्या कळतं की गिळल्यावर कळतं? तिखट ओठाला झोंबतं की कानाला? वाटण बारीक आहे की दाताखाली येतंय? आंबट कशाचं, चिंचेचं की कोकमाचं? सुरुवातीला मी सरळ "छान आहे" म्हणून सुटका करून घ्यायला बघायचो. त्यांनी तो शब्दच बंद करून टाकला. "छान हा काय रिपोर्ट हाय? छान तर कॅलेंडरपन असतो."

मी परभणीकडचा. लग्न होऊन नव्या मुंबईत येईपर्यंत मासा मी फक्त गोदावरीत बघितला होता, तोही लांबून. त्या मला मढवीशेठनी आठ महिन्यांत बोंबील, मांदेली, निवट्या, खुबे, चिंबोऱ्या, सगळं खायला शिकवलं. मांदेलीचा काटा कुठून ओढायचा आणि चिंबोरीची नांगी कशी फोडायची, हे ते काकडी हातात धरून मला दाखवायचे. स्वतः घासभरसुद्धा न खाता.

महाप्याला आमची विजेची पॅनल बनवणारी छोटी कंपनी आहे. मी खरेदी विभागात, मढवीशेठ स्टोअरला. नाव नामदेव, पण ते कुणी वापरत नाही. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही. कोपरखैरण्याच्या बाजूला जुन्या गावठाणात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. ते मला नावाने कधीच हाक मारत नाहीत, "परभणी" म्हणतात. चारचौघांतसुद्धा. एकदा बाहेरगावच्या पुरवठादाराने ते माझं आडनाव समजून बिलावर घातलं होतं.

डाएटच्या आधीचे मढवीशेठ मी चार वर्षं बघितलेले. त्यांच्या गावात लग्नापेक्षा हळद मोठी असते, आणि हळदीच्या पंगतीला मढवीशेठ बसले की वाढपी मटणाच्या रश्शाची बादली त्यांच्याजवळच ठेवून पुढे जायचे, सारखं मागे यायला नको म्हणून. जेवताना ते बोलत नसत. जेवण झाल्यावर मात्र अर्धा तास त्याच जेवणाबद्दल बोलत.

असा माणूस एका सोमवारी सकाळी स्टोअरमधल्या काट्यावर उभा राहिला. हा काटा तांब्याच्या पट्ट्यांची बंडलं तोलायचा. आकडा आला एकशे नऊ. मढवीशेठनी खडू घेतला आणि स्टोअरच्या दाराच्या मागच्या बाजूला लिहिलं, १०९. त्याच्या बऱ्याच खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरा आकडा लिहिला, ८५. मला म्हणाले, "वरून खाली यायचा हाय. मधली जागा भरायची."

त्या दिवसापासून रोज सकाळी हा सोहळा होऊ लागला. बूट काढायचे, मोबाइल काढायचा, किल्ल्यांचा जुडगा काढायचा, चष्मासुद्धा काढायचा. शेवटी गळ्यातली सोन्याची साखळी माझ्या हातात द्यायचे, कारण साखळीचं वजन आपल्यात धरलं जाऊ नये. चष्मा नसल्यामुळे आकडा त्यांना दिसायचा नाही, तो मी वाचून दाखवायचा. शंभर ग्रॅम वाढलं असेल तर ते साखळी घातल्यासारखं करून पुन्हा काढायचे आणि परत उभे राहायचे.

कंपनीत वाढदिवसाचा केक आला, दिवाळीची मिठाई आली, कुणाच्या मुलीच्या निकालाचे पेढे आले, की त्यांचं उत्तर एकच असायचं. "जीभ रजेवर हाय. हजर झाली की सांगीन." त्यात चिडचिड नसायची. पेढा हातात घ्यायचे, वास घ्यायचे आणि शेजारच्याला द्यायचे. आमच्या एका तरुण इंजिनिअरने त्यांना सांगितलं की डाएटमध्ये आठवड्यातून एक चीट डे असतो, त्या दिवशी काहीही खाल्लेलं चालतं. मढवीशेठना ते फार लागलं. "चीट कोनाला करायचा? काट्याला?" असं विचारून ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

चुलतभावाच्या मुलाच्या हळदीला ते मला घेऊन गेले. मला वाटलं, इथे तरी हा माणूस हरणार. त्यांनी आल्या आल्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाढप्यांत सामील झाले. तोंडात दोन लवंगा धरून चार तास वाढत होते. वाढणाऱ्याला खायचा आग्रह कुणी करत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला वाढायला आले तेव्हा मांडव सोडून जायच्या आधी रश्शाचा रिपोर्ट हवा म्हणून सांगून गेले.

हे सगळं कशासाठी, याची कारणं मात्र त्यांनी प्रत्येकाला वेगळी सांगितली होती. मॅनेजरना सांगितलं होतं गुडघे दुखतात. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं होतं की कंपनीच्या डॉक्टरने दम दिलाय. मला सांगितलं होतं की एक पोरगी बघायला जायचंय. मला ते पटलं. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला वाटू शकतं. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि मनातून त्यांच्यासाठी जरा खूषही होतो.

डबा त्यांच्या बहिणीचा होता. हिराबाई, त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. मढवीशेठ तिला हिराबाय म्हणत. त्या विधवा, एक मुलगी, सायली, बारावीला. त्यांचं घर गावठाणातच, मढवीशेठच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लहानपणी त्यांची आई मिठागरावर कामाला जायची आणि घरी हिराबाय या भावाला सांभाळायची. ते सांभाळणं तिने अजून सोडलेलं नव्हतं. रोज सकाळी गावातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर ती भावाचा डबा कंपनीच्या गेटवर पाठवायची. तो परत पाठवला तर तिला वाईट वाटेल, म्हणून मी तो खायचा आणि मढवीशेठनी खाल्ला असं सांगायचं, अशी आमची व्यवस्था होती.

दीड वाजता तिला फोन जायचा. मी समोरच बसलेला असायचो आणि माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकायचो. मीठ पहिल्या घासाला जरा मागे वाटलं, पण दुसऱ्या घासाला जमलं. वाटण एकदम गंधासारखं झालंय. एवढं सांगून झालं की मोबाइल तोंडाजवळ नेऊन ते एक मोठी ढेकर द्यायचे. पोटात दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि अर्धी काकडी असताना तशी ढेकर आणणं सोपं नाही. ती त्यांनी घरी सराव करून कमावली होती.

मी एकदा त्यांना विचारलं, स्वतःच एक चमचा चाखून बघायला काय हरकत आहे. ते म्हणाले की पहिल्या आठवड्यात तेच केलं होतं. चमचाभर म्हणून घेतलं आणि शुद्धीवर आलो तेव्हा डबा धुवून पालथा घातलेला होता.

दारावरचे खडूचे आकडे खाली उतरत गेले. शंभर गेलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टोअरला चहा पाजला, स्वतः बिनसाखरेचा घेतला. पँट कमरेला दोऱ्यांच्या गाठोड्यासारखी गोळा व्हायला लागली. गालांची हाडं दिसायला लागली, आणि नेमकी तिथेच अडचण झाली. भाऊ सुकत चाललाय हे हिराबाईंना दिसत होतं. कंपनीत काम वाढलंय, असं मढवीशेठनी त्यांना सांगितलं. त्यावर हिराबाईंनी डबा वाढवला. तीन पुडांचा डबा चार पुडांचा झाला. दोनच्या तीन भाकऱ्या झाल्या. रविवारी माशाची तुकडी जास्त तळली जायची आणि सोमवारी ती माझ्यापर्यंत यायची.

मढवीशेठ एकवीस किलो उतरले तोवर मी सात किलो चढलो होतो. घरचा डबाही मला संपवावाच लागे, नाहीतर अर्चनाला, म्हणजे माझ्या बायकोला काय सांगणार. तो मी अकरा वाजता खायचो. पट्ट्याला मोच्याकडून दोन नवी भोकं पाडून आणली. अर्चनाने एकदा मला दारात उभं करून बाजूने बघितलं आणि शांतपणे विचारलं की ऑफिसात नक्की काय चालतं. मी म्हणालो, एका सहकाऱ्याला डाएटला मदत करतोय.

सहावा महिना संपता संपता डब्यात काहीतरी बदललं. एक दिवस मांदेलीच्या कालवणात मीठ दुप्पट होतं. मी तसं सांगितलं. मढवीशेठ काकडी चावायचे थांबले. दुप्पट म्हणजे खरंच दुप्पट का, भाकरीबरोबर खाऊन बघ, नुसता रस्सा पिऊन बघ, असं त्यांनी तीनदा विचारलं. मग उठून बाहेर गेले, कुणालातरी फोन केला आणि अर्धी रजा टाकून निघून गेले. पंधराएक दिवसांनी चिंच दोनदा पडली होती. तेव्हाही तसंच झालं. त्या दिवशी त्यांनी मूगही खाल्ले नाहीत.

मी आपला विचार केला. हा माणूस महिनोन्महिने उपाशी आहे. जगात याला एकच सुख उरलंय, दुसऱ्याच्या तोंडून चव ऐकायची, आणि तेही मी नासवतोय. मीठ कमी काय आणि जास्त काय, खाणार तर मीच आहे. पुढच्या वेळी काही बिघडलं तर सांगायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

तो गुरुवार होता. सकाळी काटा शहाऐंशी म्हणाला. एकच किलो राहिलं होतं. मढवीशेठ आकडा ऐकून दोन मिनिटं काट्यावरच उभे राहिले, साखळी परत मागायची विसरले. दुपारी डब्यात कोलंबीचं कालवण होतं. रंग लालभडक, वास नेहमीचा. मी घास घेतला आणि क्षणभर मला कळेना काय होतंय. कालवण गोड होतं. मिठाच्या जागी साखर पडली होती, तीही मूठभर.

समोर मढवीशेठ काकडी हातात धरून वाट बघत होते.

मी म्हणालो, "एक नंबर. मीठ बरोब्बर." नुसतं एवढंच म्हणून थांबलो नाही. आठ महिन्यांत मी जे शिकलो होतो ते सगळं वापरलं. पहिल्या घासाला कळतं, गिळल्यावर मागे राहतं, तिखट कानाला लागतं. सगळा डबा पाण्याच्या घोटाबरोबर संपवला. मढवीशेठ खुलले. त्यांनी फोन लावला, सगळं सांगितलं आणि कधी नव्हे ती दोनदा ढेकर दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर बंद होतं. फोन लावला तर मढवीशेठनी उचलला नाही. दुपारी त्यांचाच आला. हिराबायला पहाटे इस्पितळात नेलंय, माणसं ओळखत नाही, एवढंच बोलले.

संध्याकाळी मी गेलो. मढवीशेठ डॉक्टरांसमोर उभे होते, शेजारी सायली. मी मागे जाऊन थांबलो. डॉक्टर विचारत होते, एक-दोन दिवसांत काही जाणवलं होतं का, विसरणं, गोंधळणं, वस्तूंची अदलाबदल. मढवीशेठ ठामपणे नाही म्हणाले. काल दुपारपर्यंत ती एकदम ठीक होती, मी खात्री केली होती, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत, पण एक दिवस आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

काल दुपारपर्यंत ठीक होती हे त्यांना कशावरून कळलं होतं, ते तिथे फक्त मला माहीत होतं.

डॉक्टर गेल्यावर मी त्यांना पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सांगून टाकलं. कोलंबी गोड होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोललो. ते रागावतील असं वाटलं होतं, हात उगारला असता तरी मी काही बोललो नसतो. ते भिंतीला टेकून खाली बसले. मीही शेजारी बसलो. मग पहिल्यांदाच त्यांनी मला खरं कारण सांगितलं.

हिराबाईंचं यकृत दीड वर्षापासून निकामी होत चाललं होतं. दारूचा थेंब त्यांना माहीत नव्हता, तरीही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर त्या वाचतील. सायलीला अठरा पुरी नव्हती. उरला भाऊ. रक्तगट जुळला, पण मढवीशेठच्या स्वतःच्या यकृतावर एवढी चरबी की ते देण्याच्या लायकीचं नव्हतं. वीस-पंचवीस किलो उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि हिराबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की भावाचं पोट फाडून मला जगायचं नाही. मढवीशेठनी घरी येऊन बहिणीला एवढंच सांगितलं की मी नापास झालो. त्या रात्री तिने सुटकेचा श्वास सोडला आणि भावाला दोनदा भात वाढला. तो भात त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

पंचाऐंशीवर आलो, तपासणीत पास झालो, की मगच तिला सांगायचं, म्हणजे तिला नाही म्हणायला वेळ मिळणार नाही, असा त्यांचा बेत होता. तोवर डाएटचा पत्ता तिला लागू द्यायचा नव्हता, म्हणून माझं जेवण.

"आनि रिपोर्ट?" मी विचारलं. बोलताना त्यांचाच शब्द माझ्या तोंडी आला.

ते म्हणाले की हा आजार डोक्यात चढतो. माणूस विसरायला लागतो, गोंधळतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं काही दिसलं तर एक तासही थांबू नका. पण संध्याकाळी ते तिच्या घरी गेले की हिराबाय ठीक असायची. सायली कॉलेजला गेली की दिवसभर झोपून राहायची आणि भाऊ यायच्या वेळेला उठून तोंड धुऊन बसायची. "माज्यासमोर ती पावडर लावून बसते रे. कालवनाला पावडर लावता येत नाय." तिला मीठ बंद होतं, त्यामुळे ती चाखून बघत नव्हती, नुसत्या हाताच्या अंदाजाने टाकायची. मिठागरावरच्या घरातली बाई, तिचा हात कधी चुकत नव्हता. तो चुकला की मढवीशेठना कळायचं. मिठाच्या आणि चिंचेच्या दिवशी त्यांनी सायलीला फोन करून बहिणीला त्याच दुपारी डॉक्टरकडे नेलं होतं.

मग ते म्हणाले, "तू मना बरा वाटावा म्हनून खोटा बोल्लास. मी तिला बरा वाटावा म्हनून खोटा बोलतंय. आता दोघांनी बंद करू."

हिराबाई तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. मढवीशेठनी मला रजा घ्यायला लावून बोलावून घेतलं. साक्षीदार पाहिजे म्हणाले. मी हिराबाईंना पहिल्यांदाच बघत होतो. पिवळसर चेहरा, बारीक हात, पण डोळे तेच, भावासारखे, समोरच्याच्या तोंडाकडे बघणारे. मढवीशेठ पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, शाळेत उभं करतात तसे.

"हिराबाय, आठ महिने तुजा डबा मी खाल्ला नाय."

त्यांनी विचारलं, "मंग मीठ कसा हाय ता रोज कोन सांगायचा?"

मढवीशेठनी माझ्याकडे बोट केलं. हिराबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर पोटाशी जरा थांबली. मी नकळत पोट आत घेतलं. सायलीला हसू आलं, तिने तोंड ओढणीत लपवलं. हिराबाईंनी मला विचारलं की बोंबील आवडला का. मी हो म्हणालो. छान म्हणालो नाही. आलं-लसूण पुढे होतं आणि कोकम मागे, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, भावाने का खाल्लं नाही ते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नाही म्हणाल्या. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तुझी बायको नाही, पोर नाही, तुला काही झालं तर तुला पाणी कोण देईल, असं विचारत राहिल्या. मढवीशेठ पलंगाची दांडी धरून सगळं ऐकून घेत होते.

शेवटी ते इतकंच म्हणाले, "मना तरी दुसरा कोन हाय, बाय?"

हिराबाई वळल्या. हो म्हणाल्या नाहीत. "इकरं ये," म्हणाल्या. ते जवळ गेल्यावर त्यांचं मनगट हातात घेऊन त्या दाबून बघत राहिल्या, हाड लागतंय का ते. "केवरा सुकलास," म्हणाल्या. सायलीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, की झालं.

पुढे महिनाभर तपासण्या, कागद, सह्या, परवानग्या यांत गेला. मढवीशेठ चौऱ्याऐंशीवर आले. तपासणीत पास झाले तेव्हा त्यांनी मला फोन करून निकाल सांगितला, दहावी पास झाल्यासारखा. दोघंही आज ठीक आहेत, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायचा. ऑपरेशन मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात झालं. सकाळी नेलेल्या दोघांना संध्याकाळी बाहेर आणलं. सायली आणि अर्चना एका बाकावर हात धरून बसल्या होत्या. अर्चनाला तोवर मी सगळं सांगितलं होतं. तिने माझ्या पोटाचा विषय पुन्हा काढला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी भेटायला गेलो तर मढवीशेठ खाटेवर नव्हते. नर्स वैतागली होती. यांना दहा पावलं चालायला सांगितलंय आणि हे कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जातात, तुम्ही तरी समजवा, म्हणाली. ते कुठे असतील याचा मला अंदाज होता.

हिराबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला आत सोडत नव्हते. दाराला मोठी काच होती. काचेसमोर मढवीशेठ उभे होते, एका हाताने पोटावरची पट्टी सांभाळत, दुसरा हात भिंतीला. इस्पितळाचा निळा अंगरखा त्यांच्या अंगावर भोपळ्यासारखा फुगला होता. पाठीमागची नाडी सुटली होती, ती मी बांधली. त्यांनी वळून बघितलं नाही.

आत हिराबाई झोपलेल्या होत्या. नळ्या, सुया, यंत्रांचे आकडे. चेहऱ्याचा पिवळेपणा मात्र उतरला होता. मी हळूच विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, दुखतंय. मी म्हणालो, मग बसा, इथे खुर्ची आहे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मागून नर्स आली, तिने सांगितलं. वॉर्डबॉयने सांगितलं. एक शिकाऊ डॉक्टर जाता जाता रागावून गेले. मढवीशेठ जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळाने आत हिराबाईंनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग काचेकडे. काचेपलीकडे उभा असलेला भाऊ त्यांना दिसला. त्या काही बोलल्या असत्या तरी आम्हाला ऐकू आलं नसतं. त्यांनी चादरीखालून सुई लावलेला हात कष्टाने बाहेर काढला आणि दोन बोटं खाली दाबून खूण केली. बस.

मढवीशेठ लगेच खुर्चीत बसले.